मुदत संपण्याआधी येणारे पत्र

पडद्यावर दिसणारा हा इनबॉक्स आम्ही चित्रीकरणासाठी मांडलेला आहे. परंतु देवगड-रत्नागिरीकडच्या ज्या बागायतदाराने हापूसच्या पेट्या स्वतःच्या संकेतस्थळावरून विकायला घेतल्या आहेत, त्याला तो ओळखीचा वाटेल. वीजबिल, कुरिअरचे संदेश, खतांच्या जाहिराती आणि त्यांच्या गर्दीत ‘आपल्या डोमेनची मुदत संपत आहे’ अशा मथळ्याची तीन पत्रे. डोमेन म्हणजे संकेतस्थळाचे नाव, जे ठरावीक मुदतीसाठी नोंदवलेले असते. पहिले खरे आहे. दुसरे त्याच कंपनीचे असले तरी त्यात होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची जागा), ईमेल आणि सुरक्षेचे पॅकेज एकत्र करून एकच रक्कम छापली आहे. निव्वळ नावाच्या नूतनीकरणाला किती पैसे पडतात, हे शोधत पार तळापर्यंत जावे लागते. तिसरे हुबेहूब बिलासारखे दिसते, मात्र बारीक अक्षरांतला मजकूर वाचला की कळते, ते भलत्याच कंपनीचे आहे आणि नावाच्या मुदतीशी त्याचा काहीही संबंध नाही.

खऱ्या पत्राला नियमाचा आधार आहे. डॉट कॉम, डॉट नेट यांसारख्या नावांसाठी आयकॅन या, इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे धोरण ३१ ऑगस्ट २०१३ पासून लागू आहे. त्यानुसार नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीने, म्हणजे रजिस्ट्रारने, मुदतीच्या साधारण एक महिना आणि साधारण एक आठवडा आधी अशा दोन सूचना पाठवायच्या असतात. त्यानंतरही नूतनीकरण झाले नाही आणि नाव रद्दही झाले नाही, तर मुदत उलटल्यावर पाच दिवसांच्या आत तिसरी. खात्यात लॉगिन केले तरच दिसेल अशी सूचना या हिशेबात धरली जात नाही. नूतनीकरणाचे आणि मुदतीनंतर नाव सोडवून घेण्याचे शुल्क रजिस्ट्रारने आपल्या संकेतस्थळावर जाहीर करायचे असते. आमच्या मते खरी उणीव इथेच आहे: शुल्क कुठेतरी जाहीर असणे आणि ते पत्राच्या पहिल्या ओळीत असणे यांत फार अंतर आहे, विशेषतः पहिले वर्ष सवलतीत देऊन दुसऱ्या वर्षी पूर्ण दर लावला जातो तेव्हा.

सूचना वेळेवर निघाली, तरी ती पोचली पाहिजे. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीचे पासपोर्ट डॉट कॉम हे नाव नूतनीकरणाविना राहिले आणि त्यावरूनच लॉगिन होणाऱ्या हॉटमेल या तिच्या ईमेल सेवेच्या अनेक वापरकर्त्यांना आपली पत्रे उघडता येईनात. शेवटी मायकेल चेनी या प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरले. छोट्या व्यावसायिकाची अडचण याहून साधी असते. संकेतस्थळ ज्या मुलाने बनवून दिले, त्याचाच ईमेल नोंदणीत राहिलेला असतो, किंवा दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा असतो. नाव बंद पडले की तो ईमेलही बंद, आणि तिसरी सूचना जायची कुठे? म्हणून डोमेनशी संबंध नसलेला दुसरा पत्ता नोंदवावा, अशी शिफारस आहे.

मुदत उलटल्यावरही मालकाला नूतनीकरण करता येते त्या काळातले किमान शेवटचे सलग ८ दिवस संकेतस्थळ बंद ठेवणेही धोरणाने बंधनकारक केले आहे, कारण पत्र न वाचणाऱ्यालाही बंद पान दिसते. नाव रद्द झाल्यावर आणखी ३० दिवस ते सोडवता येते, परंतु त्याचे शुल्क बहुधा वेगळे आणि चढे असते. डॉट इन आणि डॉट भारत या नावांचा कारभार आपल्याकडे निक्सी ही संस्था पाहते. आयकॅनचे हे धोरण त्यांना आपोआप लागू होत नाही, त्यामुळे या नावांच्या मालकाने अटी रजिस्ट्रारला आधीच विचारून ठेवाव्यात.

आयकॅनच्याच नियमाने आणखी एक पत्र दरवर्षी येते. आपली नोंदवलेली माहिती, त्यातला ईमेलसुद्धा, बरोबर आहे का तपासा, एवढेच त्यात म्हटलेले असते. पैसे मागितलेले नसतात, तारीख ठळक केलेली नसते. पडद्यावरच्या या इनबॉक्समध्ये ते जाहिरातींच्या कप्प्यात पडले आहे, न उघडलेले.