मसल कारची खरी स्टेपनी

मित्रहो, आपल्या तोंडी बसलेला ‘स्टेपनी’ हा शब्द मूळचा वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटचा. १९०४ च्या सुमारास तिथल्या डेव्हिस बंधूंनी पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून जखडता येईल अशी, हवा भरलेल्या टायरची बिनआऱ्यांची रिम तयार केली आणि तिचे नाव भारतात कायमचे रुजले. आज बोलायचे आहे ते १९६७ ते १९७० या काळातल्या अमेरिकन मसल कारच्या, म्हणजे दमदार इंजिनाच्या वेगवान गाड्यांच्या, डिकीतल्या स्टेपनीबद्दल.

शेवरोलेची जुनी कॅमॅरो किंवा फोर्डची मस्टँग मूळ रूपात आणू पाहणारे लोक इंजिनाचे नंबर आणि रंगाची छटा जुळवण्यात महिनोन्‌महिने घालवतात आणि स्टेपनीच्या जागी मात्र हाताला लागेल ते चाक ठेवून देतात. मला याचे मनापासून वाईट वाटते. रस्त्यावरची चार चाके पन्नास वर्षांत कितीदा तरी बदलली जातात. पाचवे मात्र अनेकदा एकदाही जमिनीला लागलेले नसते आणि म्हणून कारखान्याने काय दिले होते, हे तेच सर्वांत खात्रीने सांगू शकते.

ते वाचायचे कसे? शेवरोलेच्या पोलादी रिमवर हवेच्या व्हॉल्व्हच्या भोकाजवळची धूळ ओल्या फडक्याने हलकेच पुसली, की पत्र्यात ठोकलेली अक्षरे आणि आकडे दिसू लागतात. १९६९ च्या झेड/२८ या वेगवान प्रकारच्या कॅमॅरोच्या १५ इंच व्यासाच्या, ७ इंच रुंद रॅली चाकावर ‘वायजे’ ही अक्षरे सापडतात. शेजारची तारीख गाडी जुळवली गेली त्याच्या आधीची असली पाहिजे, कारण जे चाक तेव्हा बनलेलेच नव्हते ते कारखान्यात त्या गाडीला मिळणे शक्य नाही. टायरचेही तसेच आहे. निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगणारा डीओटी (अमेरिकेचे वाहतूक खाते) क्रमांक अमेरिकेत १९७१ पासून सक्तीचा झाला आणि २००० पासून त्याचे शेवटचे आकडे चार झाले. म्हणजे १९६९ च्या गाडीत असे चार आकडे दिसले, तर टायर नंतरचा आहे हे उघड आहे. मात्र पुसताना घाई करू नका: सँडब्लास्टिंगने, म्हणजे वाळूचा जोरदार मारा करून, गंज जातो, पण त्याबरोबर कारखान्याचा रंगही जातो आणि तो परत आणता येत नाही.

खरी गफलत होते ती ‘पाचही चाके सारखीच हवीत’ या समजुतीमुळे. १९६७ च्या पाँटियाक फायरबर्ड आणि कॅमॅरोच्या काळात बी. एफ. गुडरिच या टायर कंपनीचा ‘स्पेस सेव्हर’ आला: रिमभोवती दुमडून बसणारा, हवा नसलेला टायर आणि सोबत तो फुगवण्यासाठी दाबाखाली वायू भरलेली बाटली. १९६९ च्या कॅमॅरोच्या पर्यायांच्या यादीत त्याचा कोड एन६५ होता. बॉस ४२९ मस्टँगमध्ये ७ लिटरच्या प्रचंड इंजिनाने पुढची सारी जागा व्यापल्यामुळे बॅटरी डिकीत न्यावी लागली, आणि तिथे असा घडीचा टायरच दिला गेला. त्या डिकीत कोणी हौसेने पूर्ण आकाराचे झकपक चाक ठेवले, तर ती गाडी कितीही देखणी दिसली तरी त्या बाबतीत चुकीचीच ठरते.

इथे ‘मूळ’ आणि ‘बरोबर’ या शब्दांत फरक करायला हवा. त्याच गाडीबरोबर कारखान्यातून निघालेले चाक मूळ. त्याच प्रकारचे, योग्य कोडचे आणि योग्य तारखेचे, पण दुसरीकडून मिळवलेले चाक बरोबर. दोन्हींना मान आहे, मात्र विकताना दुसऱ्याला पहिले म्हणणे ही फसवणूक आहे.

पन्नास वर्षांपूर्वीच्या रबरावर गाडी चालवू नये. ती बाटलीही उघडून पाहू नये, उन्हात तर मुळीच ठेवू नये. प्रवासाला निघताना नवा टायर चढवलेले वेगळे चाक सोबत घ्यावे, जुने घरी काढून ठेवावे आणि परतल्यावर त्याच बोल्टने त्याच जागी पुन्हा आवळावे.