मुक्कामाची गाडी

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या मेळाव्यात आई-वडिलांबद्दल बोल, असं कार्यकारिणीनं सांगितलं, तेव्हा मी आईबद्दल लिहून आणलं होतं. पण आत येताना चकलीचा खमंग वास आला आणि तो कागद पर्समध्येच राहू दिला. बाबांबद्दल बोलते. आमच्या घरी दिवाळीला नसायचे ते बाबाच.

ते एसटीत कंडक्टर होते, सातारा जिल्ह्यात, पाटण डेपोला. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली, ही तारीख त्यांना तोंडपाठ. दर १ जूनला गाडीला हार घालून घरी पेढे आणायचे. सण मात्र गाडीतच. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या, गणपतीला मुंबईहून कोकणात, दिवाळीला पुण्याहून गावोगावी. तुम्ही-आम्ही खिडकीत रुमाल टाकून जागा धरायचो ना, त्याच गाड्या. आठवीत असताना पहिल्या आंघोळीच्या पहाटे मी त्यांना म्हणाले, "तुम्हाला आमच्यापेक्षा गाडीच प्यारी." ते शर्टाला बिल्ला लावत होते. काही न बोलता तिकिटांची पेटी उचलून निघाले.

पुढे २००३ मध्ये कराडला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. मेसचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून चार वर्षं माझा डबा पाटणहून एसटीनं आला. ज्यांनी असा डबा खाल्लाय त्यांना सांगायला नको: पिशवीवर स्केचपेननं नाव, ड्रायव्हरच्या मागच्या दांडीला गाठ, आणि स्टँडवर सायकल टेकवून गाडीची वाट बघणारी पोरं. डबा आई करायची. तो गाडीपर्यंत कसा जातो, हा प्रश्न मला चार वर्षांत पडला नाही.

उत्तर मिळालं बाबांच्या निरोप समारंभात. हार-नारळ झाल्यावर त्यांच्याबरोबरचे एक ड्रायव्हरकाका शेजारी येऊन बसले. म्हणाले, "पोरी, मुक्कामाची ड्युटी कुणालाच नको असायची. तुझा बाप दुसऱ्यांच्या मागून घ्यायचा."

मुक्कामाची गाडी म्हणजे संध्याकाळी डेपोतून सुटून शेवटच्या गावी रात्र काढणारी. कोयनेच्या खोऱ्यातली ही गावं. पावसाळ्यात छत गळायचं, मग ड्रायव्हर-कंडक्टर कोरडं सीट शोधत फिरायचे. बाबा रोकडीची बॅग उशाला घेऊन झोपायचे, कारण हिशोबात कमी पडलं तर पदरचं भरावं लागे. झोप ती काय लागणार? पहाटे दुधाच्या किटल्या आणि शाळेची पोरं घेऊन परत. भत्ता मिळायचा, फार नव्हे. पण तो माझ्या खोलीच्या भाड्याला जायचा, हेही मला काकांकडूनच कळलं.

आणि डब्याचं. सकाळी पाटणला पोचून रोकड भरली की ड्युटी संपलेली असायची, घर दहा मिनिटांवर. आई डबा घेऊन स्टँडवर यायची. बाबा तो घेऊन कराडच्या गाडीपाशी उभे राहायचे, कंडक्टर ओळखीचा असला तरी पिशवीची गाठ स्वतः मारायचे आणि गाडी फाटकातून बाहेर पडल्यावरच घरी जायचे. रात्रभर जागलेला माणूस. मी तिकडे भाजी पुन्हा तीच म्हणून आईला फोनवर बोलत होते.

मंडळी, ही गोष्ट कळली तेव्हा मी एका मुलीची आई होते. इतका उशीर झाला होता.

गेल्या वर्षी पाटणला गेले तेव्हा धीर करून विचारलं, "बाबा, कधी सांगितलं का नाही?" ते ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डबा गार व्हायचा का गं तुझ्यापर्यंत?"

व्हायचा. मी म्हटलं, "नाही बाबा, गरम असायचा."