तोफ मागं किती मारते?

नमस्कार श्रोतेहो.

विजापूरला सहल गेली नाही अशी शाळा आपल्या सोलापुरात शोधून सापडायची नाही. आधी गोलघुमट, मग शेरझा बुरुजावरची मुलूखमैदान तोफ. १५४९ साली ही तोफ अहमदनगरला ओतली, नंतर ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला गेली. परांडा म्हणजे बार्शीच्या पलीकडं, घरचाच मुलूख. वजन सुमारे ५५ टन. सगळे तिच्या तोंडापुढं फोटो काढतात. सिंहाचा जबडा आणि त्यात सापडलेला हत्ती, आहेच ते बघण्यासारखं. पण तोफेच्या मागच्या बाजूला कुणी जात नाही. बत्ती द्यायचं भोक कुठं आहे, हे विचारणारा एकही मुलगा मला आजवर भेटला नाही, आणि दाखवणारे गुरुजीही नाहीत. मुलांना आधी मागं न्यावं, पुढचं तोंड नंतर दाखवावं, असं माझं ठाम मत आहे.

मी भारतीय हवाई दलात वीस वर्षं वेपन फिटर होतो. विमानाच्या तोफा चढवायच्या, उतरवायच्या, साफ करायच्या, भरायच्या, हे आमचं काम. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, ते इथं गिरणीत आणि पुढं गिरणी बंद पडल्यावर पूर्व भागातल्या एका कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारा, हे सोलापूरकरांना सांगायला नको. माझी नेमणूक तोफेवर झाली तेव्हा घरी सगळे विचारत होते, किती लांब मारते, किती भोक पाडते. अण्णांनी एकच विचारलं : "पुढं किती मारते ते ऱ्हाऊ दे. मागं किती मारते?"

आजचं भाषण या एका प्रश्नावर आहे. तोफ मागं किती मारते?

गोळा पुढं जातो तेव्हा तोफेला तेवढाच धक्का मागं बसतो. जमिनीवर तो धक्का माती घेते, दगड घेतो. मुलूखमैदानासारखी ५५ टनांची तोफ तर आपल्या वजनावरच बराचसा पचवते. आकाशात माती नाही आणि दगडही नाही. विमान म्हणजे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, रिव्हेट आणि आत कणे. धक्का या पत्र्यानं आणि या कण्यांनीच घ्यायचा. पुन्हा सांगतो, आकाशात धक्का घ्यायला विमानाशिवाय दुसरं काही नाही.

तरी लोकांनी मोठ्या तोफा विमानावर चढवल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी हरिकेन विमानाच्या पंखांखाली ४० मिलिमीटरच्या दोन तोफा लावल्या. ही विमानं आफ्रिकेच्या वाळवंटात रणगाड्यांवर गेली आणि आपल्या शेजारी ब्रह्मदेशाच्या आघाडीवरही लढली. तोफा पंखांखाली, म्हणजे विमानाच्या मधल्या रेषेच्या खाली. त्यामुळं गोळा सुटला की विमानाचं नाक खाली वाकायचं. वैमानिकानं प्रत्येक बार उडाल्यावर नाक उचलायचं, पुन्हा नेम धरायचा, मग पुढचा बार. अमेरिकनांनी बी-२५ मिशेल विमानाच्या नाकात ७५ मिलिमीटरची तोफ बसवली. ७५ मिलिमीटर म्हणजे रणगाड्याची तोफ. एक गोळा सात किलोच्या आसपास, सोबत २१ गोळे, आणि भरायचे हातानं. विमान समुद्रावर जहाजाच्या दिशेनं झेपावतंय आणि आत एक माणूस वाकून गोळा उचलतोय, तोफेत सरकवतोय. त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

मॉस्किटो विमानावरची ५७ मिलिमीटरची तोफ मात्र आपोआप भरली जायची. तिचं भरण्याचं यंत्र बनवलं मोलिन्स या ब्रिटिश कंपनीनं, आणि या कंपनीचा मूळ धंदा सिगारेट बनवायची यंत्रं तयार करण्याचा! एकामागून एक नळकांडी न अडकता पुढं सरकवायची, हे त्यांना माहीत होतं. १९४४ च्या मार्चमध्ये याच विमानांनी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ यू-९७६ ही जर्मन पाणबुडी बुडवली. श्रोतेहो, कांडी संपली की नवी आपोआप बसवणारे माग आपण पाहिले आहेत, आपल्याला हे लगेच समजतं. यंत्राला जात नसते, सिगारेटवाल्याचं यंत्र तोफेला लागतं आणि मागाचं विमानाला. आपल्या गिरण्यांची यंत्रं भंगारात किलोवर गेली. त्यातला एक तरी माग नीट चालता ठेवून शहराच्या मधोमध मांडायला हवा होता. ही खंत मी कुठंही बोलायला उभा राहिलो की बोलतो, आजही बोललो.

आता माझी गोष्ट.

मी ज्या विमानावर होतो ते मिग-२७. आपल्याकडं त्याला बहादूर म्हणत. आपल्या नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात ती तयार व्हायची. पोटाखाली सहा नळ्यांची ३० मिलिमीटरची तोफ. तोफेचं वजन १५० किलोच्या आसपास, म्हणजे दोन माणसांएवढं. पण सहा नळ्या गरगर फिरत मिनिटाला पाच हजारांच्या आसपास गोळे सोडायच्या. हिशेब करा, सेकंदाला ऐंशीहून जास्त. एकेक गोळा चारशे ग्रॅमच्या घरातला. वैमानिक एका वेळी जेमतेम सेकंदभरच बटण दाबायचा. खाली आवाज यायचा तो ठो-ठो असा नाही, जाड कापड टरकन फाडावं तसा. आणि विमान उतरलं की आमचं काम सुरू. लँडिंग लाइटचे दिवे फुटलेले असायचे. स्क्रू सैल झालेले. कुठं पत्र्याच्या जोडाला काळी रेघ.

एका वर्षी जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला रजा मिळाली. घरी आलो तर अण्णा कारखान्यात. मी डबा घेऊन तिकडं गेलो. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. आत पाऊल टाकलं की कानात दुसरं काही शिरत नाही. धोटा या पेटीतून त्या पेटीत, त्या पेटीतून या पेटीत, मिनिटाला शंभराच्या वर फेऱ्या. पायाखालची फरशी थरथरते. अण्णांनी एक माग थांबवला होता आणि त्याच्या बाजूच्या ओतीव लोखंडी फ्रेमपाशी उकिडवे बसले होते. मी कानाशी ओरडून दिव्यांचं गाऱ्हाणं सांगितलं. त्यांनी वर बोट केलं. मागावरचा बल्ब मागाला बांधलेला नव्हता. वरच्या वाशाला वायरनं लोंबकळत होता, आणि वायर जिथं वाशाला बांधली तिथं सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. म्हणाले, "मागाला बांधला तर दोन दिवसांत तार तुटते. एका दणक्यानं नाही तुटत. तेच तेच खाऊन तुटते."

मग त्यांनी फ्रेमकडं बोट केलं. "इथं चीर आहे. दिसती का?" मला दिसेना. मी वाकलो, बोट फिरवलं, काही लागेना. अण्णांनी चिंधी रॉकेलमध्ये बुडवून फ्रेमवर चोपडली. थोडा वेळ जाऊ दिला. तेवढ्यात भाकरी खाल्ली. मग कोरड्या फडक्यानं ती जागा लखलखीत पुसली आणि खडूची पूड बोटानं वर फासली. पांढरंशुभ्र झालं सगळं. आणि मग, श्रोतेहो, त्या पांढऱ्यावर हळूहळू एक ओली रेघ उमटली. केसासारखी. बोल्टच्या भोकापासून निघून तिरकी खाली, दोन बोटं लांब. चिरेत शिरलेलं रॉकेल खडूनं बाहेर ओढून घेतलं होतं.

मी थक्क झालो, कारण हेच आमच्याकडं होतं! आमच्याकडं लाल रंगाचं पातळ औषध असतं. भागावर लावायचं, थांबायचं, पुसायचं, वर पांढरी पूड फवारायची. चीर असेल तिथं लाल रेघ उठते. डाय पेनिट्रंट म्हणतात त्याला. माझ्या हातात छापील पुस्तिका होती. अण्णांच्या हातात खडू होता, आणि तो त्यांना गिरणीतल्या एका म्हाताऱ्या फिटरनं शिकवलेला.

मी विचारलं, पण रॉकेल लावायच्या आधीच तुम्हाला कळलं कसं, चीर इथंच आहे म्हणून? ते म्हणाले, "बोल्ट रोज इथलाच सैल होतोय. बोल्ट उगा सैल होत नाही. बोल्ट सांगतोय."

रजा संपली, मी तळावर गेलो. महिना-दीड महिन्यानं तोफेच्या गोळाबारीचा सराव होता. विमानं उतरली. एका विमानाच्या पोटाखाली, तोफेच्या जवळच्या एका पॅनेलचा एक स्क्रू सैल. आता स्क्रू सैल होणं नेहमीचंच. आवळायचा, सही करायची, पुढं जायचं. पण मागच्या दोन वेळांनाही मीच तिथं होतो आणि दोन्ही वेळा हाच स्क्रू आवळला होता. शेजारचे सगळे घट्ट, हा एकटाच सैल. अण्णांचं वाक्य आठवलं. मी आमच्या सार्जंटना सांगितलं, सर, हे उघडून आतला ब्रॅकेट बघायला पाहिजे. ते म्हणाले, डोळ्याला काही दिसतंय का? म्हटलं, नाही. ते क्षणभर माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, उघडा.

ब्रॅकेट निघाला. वर काही दिसत नव्हतं. लाल औषध लावलं, थांबलो. त्या थांबण्यात माझ्या तोंडाला कोरड पडली होती, कारण माझ्या शब्दावर ते विमान जमिनीवर अडकून पडलं होतं. पुसलं. पांढरी पूड फवारली. आणि भोकाच्या कडेपासून लाल रेघ उठली. केसासारखी, तिरकी. तीच रेघ, फक्त रंग वेगळा.

सार्जंटनी विचारलं, कसं ओळखलंस? मी म्हटलं, सर, वडील सोलापूरला जॉबर आहेत. ते पंजाबचे होते, जॉबर म्हणजे काय ते त्यांना उलगडून सांगावं लागलं. नवा ब्रॅकेट बसला. ती रेघ वैमानिकाच्या नव्हे तर आमच्या डोळ्यांपुढं उमटली, याचा आनंद मला आजही आहे.

जॉबर लोकांचं हे ज्ञान कुठं लिहिलेलं नाही. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलांनी घरच्या, गल्लीतल्या म्हाताऱ्या जॉबरांपुढं वही घेऊन बसावं. बरेच जण गेले, काही आहेत.

वेळ थोडा उरला आहे. अमेरिकेच्या ए-१० विमानाला सात नळ्यांची ३० मिलिमीटरची तोफ आहे. मागचा धक्का मधल्या रेषेवर यावा म्हणून गोळी सुटणारी नळी बरोबर मध्यावर ठेवली, त्यासाठी तोफ थोडी डावीकडं सरकवली आणि पुढचं चाक उजवीकडं. विमान तोफेभोवती बांधलं म्हणतात ते यामुळं. एसी-१३० या मोठ्या विमानात तर १०५ मिलिमीटरची हॉवित्झर तोफ आहे. ती डाव्या कुशीतून बाहेर मारते आणि विमान लक्ष्याभोवती गोल गोल फिरत राहतं. त्या विमानाचं धूड एवढं की त्याला तो धक्का सोसतो. धक्का सुटत नाही, कुणालातरी तो घ्यावाच लागतो.

आपलं मिग-२७ हे २७ डिसेंबर २०१९ ला जोधपूरहून शेवटचं उडालं.

मी निवृत्त होऊन आलो तेव्हा अण्णांना घेऊन विजापूरला गेलो होतो. ते तोफेच्या तोंडापाशी थांबलेच नाहीत, सरळ मागं गेले. बत्तीच्या भोकात वाकून पाहिलं, त्याच्या कडेवरून नख फिरवलं, तळहात ठेवला. परत येताना एस.टी.त बराच वेळ गप्प होते. टाकळीला भीमेच्या पुलावर गाडी आली तेव्हा म्हणाले, "तू सांगितलंच नाहीस कधी. तुझी मागं किती मारायची?"

मी म्हटलं, पाच टनांच्या घरात.

"आन् वजन?"

म्हटलं, तोफेचं दीडशे किलो.

त्यांनी पूल संपेपर्यंत नदीकडं पाहिलं आणि म्हणाले, "मग बोल्ट रोजच्या रोज बघायला पाहिजेत."

नमस्कार.