उत्तर आलं ३५

[दृश्य : वहीचं पान, अगदी जवळून]

४२ वजा १७. खाली पेन्सिलीनं उत्तर : ३५.

लाल पेनाची फुली मारायला क्षणभर पुरतो. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या या महापालिका शाळेत तिसरीच्या बाई फुली मारत नाहीत. वही बंद न करता दुसऱ्या उघड्या वहीवर ठेवतात. टेबलावर उत्तरांप्रमाणे ढीग लागतात.

[दृश्य : टेबल, वरून]

५९ लिहिणाऱ्यांनी चिन्ह न बघता बेरीज केली. त्यांना चिन्हाभोवती गोल काढायला सांगितलं की झालं. २६ वाले बोटांवर उलटं मोजतात, पण पहिलं बोट ४२ लाच दुमडतात. म्हणून एकानं चुकतात.

सगळ्यात जाड ढीग ३५ चा. आणि हा ढीग फसवा आहे. काही मुलांनी २ मधून ७ जात नाहीत म्हणून सरळ ७ मधून २ काढले, आले ५. काहींनी दशक सुटा केला, १२ मधून ७ काढले, आले तेही ५. फक्त वरच्या ४ चे ३ करायचे राहिले. एककांमधला फरक बरोबर ५ असला की या दोन्ही चुका एकाच उत्तरावर येऊन थांबतात. म्हणजे चाचणीला हे गणित मुळात चुकीचं निवडलं गेलं.

[दृश्य : फळ्यावर नवं गणित]

म्हणून फळ्यावर ४३ वजा १७. आता उलटी वजाबाकी करणाऱ्याचं उत्तर ३४ येतं, दशक कमी करायला विसरणाऱ्याचं ३६. जाड ढिगाचे दोन ढीग झाले, आणि उद्याचं टाचण इथंच ठरलं.

[दृश्य : जमिनीवर बसलेली मुलं, काड्या, रबरबँड]

३४ वाल्यांपुढे आइस्क्रीमच्या काड्या. दोन मुलांच्या जोडीला ९९, म्हणजे दहा-दहाचे ९ गठ्ठे आणि ९ सुट्या. गठ्ठे मुलांनीच बांधायचे. बाईंनी घरून बांधून आणले, तर आत दहाच आहेत यावर मुलाचा विश्वास बसत नाही, आणि गठ्ठा सोडायला हात धजत नाही.

“बाई, सात काढायच्यात, पण सुट्या तीनच आहेत.”

“मग?”

“गठ्ठा सोडू?”

[दृश्य : रबरबँड निघतो, चार सेकंद, फक्त आवाज]

काड्यांवरून थेट आकड्यांवर उडी मारली की सगळं पुन्हा विस्कटतं. मधे एक पायरी लागते : वहीत दशकाला उभी रेघ, सुट्याला टिंब. एक रेघ खोडून दहा टिंबं काढायची. ही पायरी कंटाळवाणी दिसते, म्हणून बहुतेक ठिकाणी गाळली जाते.

३६ वाल्यांना काड्या नकोत. त्यांनी आपलं उत्तर १७ मध्ये मिळवून बघायचं. ५३ आले, हवे होते ४३. चूक त्यांची त्यांनाच सापडते.

[दृश्य : शाळेबाहेरची भाजीची हातगाडी, सुट्टे पैसे]

यातली काही मुलं संध्याकाळी गाडीवर बसतात आणि सुट्टे देताना चुकत नाहीत. १७ ची भाजी, हातात ४२ रुपये : ३ दिले, झाले २०, वर २०, झाले ४०, वर २. परत २५. वजाबाकी न करता वजाबाकी. बाईंनी ही रीत संख्यारेषेवर उड्या काढून फळ्यावर घेतली. पाठ्यपुस्तकातला पैशांचा धडा बराच पुढे आहे. तो आधी आणला.

[दृश्य : श्रुतलेखन, पाटीवरचा हात]

तोंडी गणितात वेगळीच अडचण. ‘सत्तेचाळीस’ म्हटलं की कानावर आधी सात पडतात, पाटीवर ७४ उमटतात. ‘एकोणपन्नास’मधला पन्नास ऐकून कुणी ५९ लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली आणि राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या मंगला नारळीकरांनी तिची बाजू मांडली. वर्गात खरं तर दोन्ही लागतात : लिहिताना ‘चाळीस सात’, दुकानात ‘सत्तेचाळीस’.

[दृश्य : वेळापत्रकाचा तक्ता]

शिक्षण हक्क कायद्याचं २४ वं कलम शिक्षकाला सांगतं, अभ्यासक्रम ठरल्या वेळेत पूर्ण करा. त्याच कलमात पुढे : प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून, लागेल तिथं जादा शिकवा. जनगणना, निवडणूक, आपत्तीतलं मदतकार्य ही कामं २७ व्या कलमानं शिक्षकांकडे ठेवलेलीच आहेत. वह्यांचे ढीग लावायला मात्र या तक्त्यात तासिका नाही. बाई ते मधल्या सुट्टीत करतात.

[दृश्य : पुन्हा वह्या]

पुढच्या चाचणीत ३४ आणि ३६ चे ढीग बारीक झाले.

[दृश्य : फळा, खडू]

उद्याचं गणित : ६० वजा २४. या वेळी वर शून्य आहे. कुणी ‘शून्यातून काही जात नाही’ म्हणून ४० लिहील, कुणी ४ तसाच खाली उतरवून ४४.

टेबल रिकामं करून ठेवलंय.