किनारपट्टी नेमकी किती किलोमीटरची?

मित्रांनो, अंतर्गत सुरक्षेवर शोधनिबंध म्हटला की ‘दहशतवाद : एक आव्हान’ या थाटाची शीर्षकं समोर येतात. पानं भरतात, पण शोधायचं काय होतं तेच कुठे सापडत नाही. विषय एका प्रश्नापर्यंत खाली आणा. उदाहरणार्थ : सागरी पोलीस ठाणी, गस्ती नौका यांसाठीच्या केंद्राच्या किनारी सुरक्षा योजनेचा दुसरा टप्पा 2011 मध्ये सुरू झाला, त्यात रायगड जिल्ह्याला काय मंजूर झालं आणि त्यातलं वापरात काय आलं? रायगडच घेण्याला कारण आहे. 1993 च्या स्फोटांतलं आरडीएक्स शेखाडीला उतरलं होतं. पहिला टप्पा 2005 चा, म्हणजे 26/11 च्या आधीचा. तरीही 2008 मध्ये दहा जण ‘कुबेर’ हा आपलाच ट्रॉलर बळकावून आले आणि रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले. ‘26/11 नंतर सरकार जागं झालं’ हे वाक्य म्हणूनच तपासल्याशिवाय लिहू नका.

आता आकडे. निबंध सगळ्यात जास्त इथेच घसरतो. महाराष्ट्राची किनारपट्टी आपण शाळेपासून 720 किलोमीटर म्हणतो. केंद्राच्या जुन्या तक्त्यात ती 652.6 आहे, नव्या मोजणीत 877.97. समुद्राने जमीन गिळली नाही की ओकली नाही. नवी मोजणी जास्त बारकाईच्या नकाशावर झाली, त्यामुळे खाड्यांची वळणं हिशेबात आली. देशाचा आकडाही असाच 7,516 वरून 11,098 वर गेला. समजा, तुम्ही ‘दर पन्नास किलोमीटरला एक सागरी पोलीस ठाणं’ असं गुणोत्तर काढलंत आणि 2012 ची ठाणी नव्या लांबीने भागलीत, तर सुरक्षा ढासळल्याचा खोटा निष्कर्ष निघेल. प्रत्येक आकड्याशेजारी वर्ष आणि मोजणारं खातं लिहाच.

आकडे मिळतात संसदेतल्या लेखी उत्तरांत, स्थायी समितीच्या आणि ‘कॅग’च्या (सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या) अहवालांत. उरलेल्यासाठी माहितीचा अधिकार. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि तोही 150 शब्दांत. ‘सुरक्षेत काय त्रुटी आहेत?’ असं विचारलंत तर देशाच्या सुरक्षेला बाधक माहिती नाकारण्याची मुभा देणारं कलम 8(1)(क) दाखवून अर्ज फेटाळला जाईल. ‘अमुक वर्षी गस्ती नौकांच्या दुरुस्तीवर किती खर्च झाला?’ याला उत्तर मिळण्याची शक्यता बरीच जास्त. सत्र सोळा आठवड्यांचं असेल तर अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. पहिलं अपील करावं लागलं तर आणखी महिना-दीड महिना जातो.

कोळी बांधवांशी बोलणार असाल तर आधी त्यांची संमती घ्या. नाव आणि बोटीचा क्रमांक निबंधात नको. कोणत्या जेट्टीवर रात्री पहारा नसतो, हे कळलं तरी छापायचं नाही. तालुक्याची बेरीज द्या, जागा देऊ नका. गुण गेले तरी चालतील.

सादरीकरणाला दहा मिनिटं मिळतात. सात स्लाइड पुरे. सुरुवात व्याख्येने केलीत तर दोन मिनिटं तिथेच जातात. एका घटनेने करा : 31 जुलै 2011 ला ‘पवित’ हे खलाशांनी सोडून दिलेलं जहाज वाहत थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. लगेच तुमचा प्रश्न मांडा, मग मंजूर आणि प्रत्यक्ष अशा दोनच रकान्यांचा तक्ता. समोरच्यांना तो वाचता यावा म्हणून वीस सेकंद गप्प राहा. परीक्षक बहुधा एखाद्या आकड्याचं वर्ष विचारतात. मूळ कागदाची प्रत पान उघडून हाताशी ठेवा.