संन्याशाला सुळी

मंडळी, पत्रिकेवर ‘एबीएसचा दिवा : घरच्या घरी निदान’ असं छापलंय. तिकडे येतोच. पण आधी माझं जुनं दुखणं ऐकून घ्या, नाहीतर ते मी जिन्यात गाठून ऐकवतो, हे इथल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे.

माझ्या गाडीचा एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या प्रणालीचा, पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. सी००३५. “पुढचं डावं चाक, सेन्सर गेला.” नवा बसवला, दिवा गेला, मी खूश. तिसऱ्या दिवशी दिवा हजर! “नवा पीसच खराब निघाला असेल,” म्हणून दुसरा बसवला. पुन्हा दोन दिवस शांतता, पुन्हा दिवा. आता एबीएसचं युनिटच बदला, असा सल्ला आला. त्या युनिटच्या किमतीत गाडी कशाला ठेवायची, असा प्रश्न घरात निघाला. (हसू नका, तुमच्याही घरी निघेल.)

शेवटी निदान केलं ते आमच्या सौभाग्यवतींनी. त्या गाडी चालवत नाहीत, त्यामुळे त्यांना डॅशबोर्डकडे बघायला वेळ असतो. म्हणाल्या, “अहो, हा उजवीकडे वळतानाच लागतो.” मी चाक काढलं. सेन्सरची वायर बॉडीच्या बाजूला जिथे जोडली जाते, त्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज चढला होता. स्टेअरिंग पूर्ण वळलं की वायर ताणली जायची आणि संपर्क तुटायचा. सेन्सर बदलताना कनेक्टर काढला-घातला जाई, पिना जरा घासल्या जात, म्हणून ते दोन दिवस बरे जात. औषध लागू पडत होतं, पण भलत्याच कारणाने!

आता माझा मुद्दा. सी००३५ म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या वेग-सेन्सरचं सर्किट. ‘सर्किट’ हा शब्द कुणी वाचतच नाही. सेन्सर, वायर, कनेक्टर, चाकाबरोबर फिरणारी दातेरी रिंग, हे सगळं त्यात आलं. कोड तक्रारदाराचा पत्ता देतो. आपण चोर सोडून संन्याशाला सुळी देतो आणि वर सुळीचं बिलही भरतो.

ही प्रणाली १९७८ साली बॉशने मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आणली, तेव्हा... बरं, चिठ्ठी आलीय. सात मिनिटं. इतिहास राहू दे.

भराभर सांगतो. पिवळा दिवा एकटा असेल तर साधे ब्रेक सहसा चालतात, फक्त जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. लाल दिवाही सोबत असेल तर गाडी हलवू नका, आधी ब्रेक ऑइलची पातळी बघा. स्वस्तातले बरेच स्कॅनर फक्त इंजिनाचे कोड वाचतात. एबीएस वाचणारा घ्या.

चारही चाकांचे कोड एकदम आले, तर चार सेन्सर एका रात्रीत मेले असं समजू नका. बॅटरीचं व्होल्टेज, फ्यूज आणि अर्थिंगची वायर तपासा. एकाच चाकाचा असेल तर गाडी दुसऱ्याला चालवायला द्या, ताशी वीस-तीसच्या वेगाने, आणि स्कॅनरवर चारही चाकांचे वेग बघा. एक मधूनच शून्यावर पडतं का? वळताना? खड्ड्यात? कोरड्या रस्त्यावर अगदी थांबता थांबता पेडल थरथरलं, तर सेन्सरखाली गंज साचून सेन्सर आणि रिंग यांच्यातली फट वाढली असण्याची शक्यता मोठी.

मग मल्टिमीटर. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, स्टँड लावा. जुन्या धाटणीच्या, कॉइलवाल्या सेन्सरचा रेझिस्टन्स साधारण हजार ओहमच्या आसपास मिळतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा, नाहीतर पलीकडच्या चाकाशी ताडून पाहा. चाक हाताने फिरवलं की त्यातून थोडं एसी व्होल्टेज यायला हवं. नव्या गाड्यांत मात्र अॅक्टिव्ह, म्हणजे आतच इलेक्ट्रॉनिक्स असलेला, सेन्सर असतो. त्याला ओहम लावू नका, काही कळत नाही आणि बिघडायची भीती.

घंटा झाली... एकच! नवं बेअरिंग बसवल्या बसवल्या दिवा लागला, तर बेअरिंग उलटं बसलंय का बघा. हल्ली दातेरी रिंगेऐवजी चुंबकीय रिंग असते आणि ती बऱ्याचदा बेअरिंगच्या एकाच बाजूच्या सीलमध्ये असते, नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. सेन्सरसमोर दुसरी बाजू आली, तर त्या बिचाऱ्याला काहीच दिसत नाही.

प्रश्न आता घेता येणार नाहीत म्हणतात. ज्यांनी मल्टिमीटर आणलेत त्यांनी खाली पार्किंगमध्ये या. तो हिरवा कनेक्टर मी जपून ठेवलाय, डिकीत आहे.