डिसेंबरातला बेसबॉल

श्रोतेहो, नमस्कार. एखाद्या मोठ्या सार्वजनिक घटनेची बातमी कानावर आली तेव्हा आपण कुठे होतो आणि शेजारी कोण होते, हे माणसे पन्नास वर्षांनीही छातीठोकपणे सांगतात. ती खोटे बोलत नसतात, पण त्यांची आठवण खरी असेलच असेही नाही.

उल्रिक नायसर हे अमेरिकेतील नामवंत मानसशास्त्रज्ञ, आणि स्मृती हा तर त्यांच्या खास अभ्यासाचा विषय. 7 डिसेंबर 1941 रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, तेव्हा त्यांना तेरा वर्षे पूर्ण व्हायला एकच दिवस उरला होता. आपण दिवाणखान्यात रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत बसलो होतो, समालोचन मध्येच थांबवून हल्ल्याची बातमी देण्यात आली आणि ती आईला सांगायला आपण धावत जिना चढलो, असे त्यांना पुढे कित्येक वर्षे लख्ख आठवत असे. मग केव्हातरी त्यांच्या ध्यानात आले, की बेसबॉलचा हंगाम ऑक्टोबरातच आटोपतो. डिसेंबरात समालोचन कसले ऐकणार? त्यांनी ही विसंगती 1982 मध्ये प्रामाणिकपणे छापली. चार वर्षांनी दोन संशोधकांनी दाखवून दिले, की त्या दिवशी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जायंट्स आणि डॉजर्स यांचा सामना चालू होता आणि त्याचे समालोचन बातमीसाठी थांबवलेही गेले होते. मात्र तो सामना अमेरिकन फुटबॉलचा होता. याच नावांचे बेसबॉल संघही तेव्हा त्याच शहरात होते, आणि ते मैदानही बेसबॉलचेच म्हणून ओळखले जाई. (ऐकलेला सामना पाहिलेल्या सामन्यापेक्षा अधिक काळ मनात राहतो, असे माझे जुने मत आहे, आमच्या घरात ते कोणी मानत नाही.)

म्हणजे प्रसंगाचा सांगाडा टिकला आणि तपशील बदलला. पुन्हा सांगतो, सांगाडा टिकला, तपशील बदलला. आठवण सांगताना आपण ती दर वेळी नव्याने जुळवतो आणि राहिलेल्या जागा नंतर ऐकलेल्या-वाचलेल्या गोष्टींनी भरतो. 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुराची गोष्ट ज्या पुणेरी घरांत दर पावसाळ्यात निघते, तिथे आजोबांनी लकडी पुलाशी स्वतः पाहिलेले पाणी आणि शेजाऱ्यांकडून ऐकलेले पाणी आज वेगळे काढणे कठीणच.

नायसर यांनी पुढे याची परीक्षाच घेतली. जानेवारी 1986 मध्ये चॅलेंजर अवकाशयानाचा स्फोट झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विद्यार्थ्यांकडून, बातमी कुठे आणि कशी कळली, हे लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांपैकी 44 जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा 11 जणांचे मुख्य तपशील साफ चुकले, तरी बहुतेकांना आपल्या आठवणीविषयी शंका नव्हती. अखेर त्यांचे जुने कागद त्यांच्यापुढे ठेवण्यात आले. अक्षर आपलेच आहे हे त्यांनी ओळखले, परंतु त्या कागदावरचा प्रसंग चुकलेल्यांपैकी कोणालाही आठवला नाही.